मागच्या पुठ्ठ्यावरचं शेवटचं अक्षर

कल्याण ते इगतपुरी रेल्वेमार्गाचं विद्युतीकरण १९३०च्या सुमारास झालं. खर्डी स्टेशनात डोक्यावर १५०० व्होल्टची तार आली आणि गाड्या विजेवर धावू लागल्या. त्या तारेपासून हाकेच्या अंतरावरच्या घरांत मात्र पुढे कित्येक वर्षं रॉकेलची चिमणीच होती. शहापूर-मुरबाडच्या आतल्या पाड्यांची तर गोष्टच सोडा. तरी वीज यायच्या आधी रेडिओ आला. तो कशावर चालत असे, याची नोंद कुणी वेगळी जपलेली नाही. ती रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर, मॉडेल नंबरात असते आणि बरेचदा शेवटच्या एका अक्षरात.

मॉडेल नंबर म्हणजे कंपनीने मनाला येईल तो ठोकून दिलेला आकडा, असं आपण धरून चालतो. फिलिप्सच्या बाबतीत ते साफ चूक आहे. पन्नाशीच्या दशकात या कंपनीने नंबरांना कडक शिस्त लावली. समजा, पुठ्ठ्यावर ‘बी५एक्स७२ए’ असं छापलंय. पहिला ‘बी’ म्हणजे टेबलावर ठेवायचा संच. हातात धरून न्यायचा असता तर तिथे ‘एल’ आला असता, मोटारीतला असता तर ‘एन’. मग ५, ही किमतीची पायरी. आकडा जितका मोठा तितका संच भारी. ‘एक्स’ हे हॉलंडचं अक्षर, ‘डी’ जर्मनीचं. भारतात बनलेल्या संचांवर त्या जागी ‘सीए’ दिसतं. फिलिप्सचा रेडिओ कारखाना तेव्हा कलकत्त्याला होता. ७ म्हणजे १९५७ साल, २ हा त्या वर्षातला क्रम. आणि शेवटचा ‘ए’ सांगतो की हा संच एसी विजेवर चालतो.

आपल्या भागाचा इतिहास या शेवटच्या खणात आहे. तिथे ‘ए’ असेल तर घरात लाइट आलेली होती. ‘यू’ असेल तर संच एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारा, म्हणजे ज्या शहरांत काही भागांना डीसी वीज मिळे तिथला. असा संच खेड्यात सापडला तर तो बहुधा शहरातून कुणाच्या तरी बिऱ्हाडाबरोबर आलेला, असं मी तरी समजेन. ‘बी’ असेल तर बॅटरी. त्यामुळे एकाच नंबरात सुरुवातीचा ‘बी’ एक सांगतो आणि शेवटचा ‘बी’ अगदीच दुसरं. ‘टी’ असेल तर ट्रान्झिस्टर. मग घरात वीज होती की नव्हती, हा प्रश्नच उरत नाही.

मर्फीने विलायतेत हेच अक्षर पुढे घेतलं होतं: ‘ए’ एसीसाठी, ‘बी’ बॅटरीसाठी, ‘यू’ एसी-डीसी दोन्हींसाठी, ‘व्ही’ टीव्हीसाठी. या मर्फीचा भारतातला कारखाना आपल्या ठाण्यातच होता. मर्फीच्या जाहिरातीतलं ते बाळ सगळ्यांना आठवतं, कारखाना कुठे होता हे मात्र ठाणेकरांनाही सांगावं लागतं. बुशचा १९४६चा ‘डीएसी ९०’ तर आपलं काम नावातच सांगून टाकतो: डीसी, एसी, दोन्ही.

पुठ्ठा हरवला असेल तर आत बघावं. आतल्या काचेच्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह. त्यांच्या काचेवरही लिपी आहे आणि ती अधिक विश्वासाची, कारण ती एका कंपनीपुरती नाही. ‘डीएल ९६’ घ्या. ‘डी’ म्हणजे १.४ व्होल्टवर तापणारा, म्हणजे बॅटरीचा. ‘एल’ म्हणजे आवाज स्पीकरपर्यंत पोचवणारा शेवटचा व्हॉल्व्ह. ‘डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६’ असे चार ओळीने बसलेले दिसले की समजावं, हा संच दिव्याविनाच्या घरासाठी बनलेला आहे. त्याला बॅटरीचे दोन दाब लागत: तारा तापवायला दीडेक व्होल्टचा आणि व्हॉल्व्ह चालवायला साधारण नव्वद व्होल्टचा. ही बॅटरी स्वस्त नव्हती. ती पुरवून वापरायची, म्हणून बातम्या संपल्या की रेडिओ बंद.

काचेवर पहिलं अक्षर ‘ई’ असेल तर व्हॉल्व्ह ६.३ व्होल्टवर तापतो. हे एसी संचात. ‘यू’ असेल तर सगळ्या व्हॉल्व्हच्या तारा एकामागोमाग एक जोडलेल्या असतात आणि त्यांतून १०० मिलिअँपिअर प्रवाह जातो. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ विझायची, तसाच हा रेडिओ. ‘यूएल ८४’ला काही होवो की ‘यूसीएच ८१’ला, सगळंच थंड.

रेडिओची एक नोंद सरकारदरबारीही असे. रेडिओला पोस्टातून लायसन घ्यावं लागे, दर वर्षी फी भरून ते नवं करावं लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ती पद्धत गेली. कपाटात तसं जुनं लायसन-पुस्तक सापडलं तर ते रद्दीत घालू नका. रेडिओ भंगारात गेलेला असला तरी घरात तो कधीपासून होता, हे त्यावरून कळतं.

टीव्ही आला तेव्हा प्रश्न बदलला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, मनोरा वरळीचा. खर्डीसारख्या लांबच्या, डोंगरांनी वेढलेल्या गावात उंच पाइपावर अँटेना आणि खाली बूस्टर लावूनही पडद्यावर मुंग्या दिसायच्या. आता नंबरात विजेचं अक्षर नको होतं, पडद्याचं माप हवं होतं. सोनीचा पहिला ट्रिनिट्रॉन १९६८चा, ‘केव्ही-१३१०’. त्यातले १३ म्हणजे तेरा इंच. ‘केव्ही’ दिसला की रंगीत. नॅशनल पॅनासॉनिकच्या नंबरात ‘आरएक्स’ म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, ‘एनव्ही’ म्हणजे व्हीसीआर. आखातातून सुटीवर येणाऱ्यांच्या सामानातली ही अक्षरं त्या काळी पोरांनाही तोंडपाठ असत.

आपल्याकडच्या कंपन्यांनी नंबरांची अशी शिस्त फारशी पाळली नाही. डिलक्स, सुपर अशी नावं विकली जात. नंबर कुणी विचारत नसे. इथे मी मॉडेल नंबर सोडून सरळ पिक्चर ट्यूबचा नंबर वाचायला सांगेन. ‘ए५०-१२०डब्ल्यू’ म्हणजे टीव्हीची ट्यूब, कर्ण ५० सेंटिमीटर, प्रकाश पांढरा. दुकानदार तिला ‘वीस इंची’ म्हणे. पेटी कुणाचीही असो, पाटी कुठलीही असो, ट्यूब खोटं बोलत नाही. पाट्या मात्र बोलतात. किट आणून जोडलेल्या टीव्हीवर परदेशी वाटेल असं नाव चिकटवणं हा एके काळी सर्रास चालणारा धंदा होता.

मेकॅनिक मंडळींनी तर या लिप्यांची आपली बोली केली. जपानी ट्रान्झिस्टरचं पूर्ण नाव ‘२एसडी १५५५’, पण अंगावर छापलेलं असतं नुसतं ‘डी १५५५’. गिऱ्हाइकाला सांगताना तो ‘पंधराशे पंचावन्न’ होतो. युरोपीय ‘बीयू २०८’मधला ‘बी’ म्हणजे सिलिकॉन. जुन्या ‘एसी १२८’मधला ‘ए’ म्हणजे जर्मेनियम. हे बाराखडीसारखं पाठ असणारी माणसं शहापूर, मुरबाड, खर्डीच्या बाजारपेठांत अजून असतील. सपाट टीव्हीने त्यांचं काम नेलं.

वय ठरवताना एक चूक हमखास होते. मॉडेल नंबर रचनेचं साल सांगतो, वस्तू बनल्याचं नाही. तेच मॉडेल पुढे काही वर्षं बनत राहतं. बनल्याची वेळ हवी असेल तर आतल्या आयसीवरचे चार आकडे शोधा: ८४२३ म्हणजे १९८४चा तेविसावा आठवडा. टीव्ही त्याच्या आधीचा नसतो, आयसी मागाहून बदललेला नसेल तर. पाटीवर फिलिप्सच्या जागी ‘पिको’ नाव असेल तर तो सत्तरीच्या दशकाच्या अखेरीनंतरचा. फिलिप्सची भारतीय कंपनी तेव्हा ते नाव लावत असे.

या दिवाळीत माळा आवरताना असा एखादा संच हाती लागला तर भंगारवाल्याला देण्याआधी मागच्या पाटीचा नीट फोटो काढून ठेवा. आणि जुना आहे, चालतो का बघू, म्हणून पिन लावू नका. पडून राहिलेले कपॅसिटर वीज मिळताच फुटू शकतात. नंबरात शेवटी ‘यू’ असेल तर जास्तच जपा: त्या संचात ट्रान्सफॉर्मर नसतो, पिन उलटी बसली तर आतल्या लोखंडी पत्र्यातच २३० व्होल्ट उतरतात. आधी जाणत्या मेकॅनिकला दाखवा.