वेतनातील करकपात चुकते तेव्हा

आयुर्वेद व्यावसायिकांच्या त्रैमासिकात आयकरावरील लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आपल्या सभासदवर्गाचे स्वरूप आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. केवळ स्वतःच्या चिकित्सालयावर उपजीविका करणाऱ्या वैद्यांबरोबरच महाविद्यालयांतील अध्यापक, जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांतील वैद्यकीय अधिकारी, रुग्णालयांतील निवासी वैद्य व निर्मितीशाळांतील तज्ज्ञ असा मोठा पगारदार वर्ग आपल्यात आहे. दुसरीकडे औषधालयांचे व निर्मितीशाळांचे मालक स्वतःच पगार देणारे आहेत. त्यामुळे वेतनातील करकपातीत चूक झाली म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंस बहुधा आपलेच सभासद उभे असतात. एकाच्या हाती मागणीची सूचना येते, दुसऱ्याच्या लेखनिकाच्या हातून ती निर्माण झालेली असते.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. १९६१ चा आयकर कायदा २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतच्या उत्पन्नास लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास २०२५ चा नवा कायदा लागू होतो. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत. उदाहरणार्थ, वेतनावरील कपातीचे जुने कलम १९२ तेथे ३९२ झाले आहे. येणाऱ्या सूचना बहुतेक मागील वर्षांच्या असतात, म्हणून या लेखात जुनेच क्रमांक वापरले आहेत.

ज्वराचा रुग्ण समोर आला की आपण संताप पाहून थांबत नाही, हेतू शोधतो. मागणीच्या सूचनेचेही तसेच आहे. रक्कम पाहून घाबरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हा कर माझ्या पगारातून प्रत्यक्ष कापला गेला होता काय? कापला गेला असूनही खात्यात दिसत नसेल, तर ती एक व्याधी. मुळात कापलाच गेला नसेल, तर ती सर्वस्वी वेगळी व्याधी. दोहोंचे लक्षण एकच, चिकित्सा मात्र परस्परविरुद्ध. आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. जेथे लढावयास हवे तेथे ते भरून मोकळे होतात, आणि जेथे भरावयास हवे तेथे मालकाशी वाद घालीत व्याज वाढवितात.

दुसऱ्या प्रकाराचा विचार प्रथम करू, कारण तोच अधिक आढळतो. कलम १९१ प्रमाणे, मुळाशी कर कापला गेला नसेल तर तो भरण्याची जबाबदारी उत्पन्न मिळविणाऱ्याचीच राहते. "संस्थेने कापला नाही, माझा काय दोष?" हा प्रश्न माणुसकीच्या दृष्टीने रास्त असला तरी कायद्यापुढे टिकत नाही.

एक कल्पित परंतु नेहमीचे उदाहरण घेऊ. एका प्राध्यापक वैद्याचा पहिल्या महाविद्यालयाशी असलेला करार सप्टेंबर २०२५ अखेर संपला. तेथे सहा महिन्यांचे वेतन ७,२०,००० रुपये झाले. ऑक्टोबरपासून तो दुसऱ्या महाविद्यालयात रुजू झाला व मार्चअखेर तेथे ७,८०,००० रुपये मिळाले. पहिल्या संस्थेने आपल्यापुरता हिशेब केला: ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट दिली, उरलेले उत्पन्न बारा लाखांच्या आत, सबब सवलतीमुळे कर शून्य. दुसऱ्या संस्थेनेही हुबेहूब तेच केले. दोन्ही कागद स्वतंत्रपणे पाहिले तर निर्दोष. पण आयकर खाते दोन्ही वेतने एकत्र करते. एकूण १५,००,००० रुपये, त्यातून प्रमाणित वजावट एकदाच, म्हणजे करपात्र उत्पन्न १४,२५,०००. नव्या करप्रणालीच्या दरांनी त्यावर ९३,७५० रुपये कर व चार टक्के अधिभार मिळून ९७,५०० रुपये होतात. विवरणपत्रासह जुलै २०२६ मध्ये ही रक्कम भरली, तर कलम २३४ब चे ३,९०० व कलम २३४क चे ४,९२० रुपये व्याज धरून एकूण १,०६,३२० रुपये द्यावे लागतात. वर्षभर एक रुपयाही कापला न गेलेल्या माणसास एका दिवसात हा आकडा दिसतो, तेव्हा त्याची मनःस्थिती काय होत असेल याची कल्पना करावी.

यावर उपाय कायद्यात आधीपासून आहे. नव्या ठिकाणी रुजू होताना पूर्वीच्या वेतनाचा व कपातीचा तपशील नमुना १२बी मध्ये दिला, तर कलम १९२(२) प्रमाणे नव्या मालकाने दोन्ही वेतने मिळून कपात केली पाहिजे. पुष्कळ संस्थांच्या लेखा विभागात हा नमुना कोणी मागतच नाही. काही ठिकाणी तो घेतला जातो, पोच दिली जात नाही आणि फाईलमध्ये पडून राहतो. पोच हाती असेल तर मालकाची कसूर सिद्ध होते. करदात्याचे देणे मात्र त्यामुळे संपत नाही, हे ध्यानी ठेवावे. कपात झालीच नाही म्हणून आगाऊ कराच्या व्याजातून सुटका मिळावी, असा युक्तिवाद पूर्वी चालत असे. २०१२ च्या दुरुस्तीने तोही मार्ग बंद झाला आहे.

करप्रणालीच्या निवडीतील घोळ हा याच जातीचा. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. लेखनिक जुन्या सवयीने विमा, भविष्य निर्वाह निधी व घरभाडे यांच्या वजावटी देत राहतो, विवरणपत्र नव्या प्रणालीत भरले जाते आणि फरक बाहेर पडतो. केवळ पगारदार असलेल्यास मुदतीत विवरणपत्र भरताना जुनी प्रणाली निवडता येते. मुदत चुकली की तो अधिकार गेला. परंतु आपल्यापैकी अनेकजण दिवसा नोकरी व सायंकाळी स्वतःचे चिकित्सालय चालवितात. चिकित्सालयाचे उत्पन्न व्यवसायाचे ठरते. अशा वैद्यांस जुनी प्रणाली हवी असल्यास मुदतीपूर्वी नमुना १०-आयईए दाखल करणे भाग असते, आणि एकदा नव्या प्रणालीकडे परतल्यावर पुन्हा जुनीकडे जाण्याची मुभा सहसा राहत नाही. महाविद्यालयाच्या लेखनिकास आपल्या सायंकालीन रुग्णांची माहिती नसते. त्याच्या सल्ल्यावर येथे विसंबू नये.

वेतन आयोगाच्या थकबाकीबद्दलही थोडे. अनेक वर्षांची थकबाकी एका वर्षात मिळाल्यास कलम ८९ खाली सवलत मिळते. संस्थेने ती फॉर्म १६ मध्ये दाखविली, म्हणून वैद्य निश्चिंत राहतो. पण नमुना १०ई करदात्याने स्वतः ऑनलाइन दाखल केलेला नसेल, तर संगणकीय प्रक्रियेत सवलत नाकारली जाते व सगळी रक्कम मागणीत येते. हा नमुना विवरणपत्रापूर्वी भरावा.

आता पहिल्या व्याधीकडे वळू. पगारपत्रकावर कर कापल्याची नोंद आहे, बँकेत निव्वळ रक्कमच जमा झाली आहे, पण नमुना २६एएस कोरा आहे. येथे कलम २०५ करदात्याच्या पाठीशी उभे आहे. ज्या उत्पन्नातून कर कापला गेला, त्या मर्यादेपर्यंत तोच कर करदात्याकडून पुन्हा मागता येत नाही. मालकाने तो सरकारात भरला की खाल्ला, हा मालक व सरकार यांच्यातील प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली एका पगारदार करदात्याच्या प्रकरणात (२९३ आयटीआर ५३९) हेच सांगितले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही १ जून २०१५ च्या पत्राने व पुन्हा ११ मार्च २०१६ च्या ज्ञापनाने आपल्या अधिकाऱ्यांस अशी वसुली सक्तीने करू नये असे बजावले आहे.

असे असूनही सूचना येतेच, कारण संगणक फक्त मालकाने भरलेल्या त्रैमासिक विवरणाशी ताळा करतो. आमच्या परिचयातील एका ज्येष्ठ अध्यापकाच्या बाबतीत संस्थेने दोन तिमाह्यांची कपात सरकारात भरलीच नव्हती. निवृत्तीनंतर मागणी आली आणि पुढील वर्षाचा परतावा कलम २४५ खाली तिच्यात वळता करून घेण्याची सूचनाही लागोपाठ आली. ज्या संस्थेत आयुष्याची उमेदीची वर्षे गेली, तिच्याविरुद्ध लेखी तक्रार करणे त्यांच्या जिवावर आले होते. सुदैवाने त्यांनी प्रत्येक महिन्याचे पगारपत्रक जपून ठेवले होते. ती पत्रके, बँकेचा उतारा व संस्थेस पाठविलेल्या पत्राची पोच यांसह त्यांनी कर निर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज केला. मागणी रद्द झाली, पण वर्षाहून अधिक काळ गेला. कापल्याचा पुरावा देण्याचा भार करदात्यावर असतो, म्हणून पगारपत्रके फेकू नयेत.

कित्येकदा पैसे भरलेले असतात, परंतु पॅनमधील एक अक्षर चुकल्याने ते दुसऱ्याच्या नावे जमा होतात. ही सर्वांत साध्य अवस्था. मालकाने दुरुस्ती विवरण भरले की जमा योग्य जागी दिसू लागते. त्यानंतर करदात्याने कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा. हा अर्ज, ज्या आर्थिक वर्षात सूचना काढली गेली त्याच्या अखेरपासून चार वर्षांपर्यंत करता येतो.

सूचना हाती आल्यावर तीस दिवसांचा अवधी महत्त्वाचा. त्यानंतर कलम २२०(२) खाली दरमहा एक टक्का व्याज सुरू होते. मागणी अमान्य असेल तर संकेतस्थळावर "अमान्य" असे कारणासह नोंदवावे. कर खरोखरच देणे असेल आणि एकरकमी शक्य नसेल, तर त्याच अवधीत अधिकाऱ्याकडे हप्त्यांसाठी अर्ज करता येतो. ही तरतूद फारच थोड्यांस ठाऊक आहे. मौन हा एकच पर्याय निश्चितपणे अपायकारक.

औषधनिर्मात्या सभासदांसाठी एक मुद्दा स्वतंत्रपणे मांडणे अगत्याचे वाटते. अनेक निर्मितीशाळांत तज्ज्ञ वैद्यास "सल्लागार" म्हणून मानधन देतात व कलम १९४जे खाली दहा टक्के कर कापतात. भविष्य निर्वाह निधी नको, वेतनपत्रक नको, म्हणून ही सोय. परंतु औषध नियमांतील नियम १५७ प्रमाणे निर्मितीवर देखरेख करणाऱ्या तांत्रिक व्यक्तींपैकी किमान एक पूर्णवेळ कर्मचारी असावी लागते. परवान्याच्या कागदावर जो पूर्णवेळ कर्मचारी, तोच हिशेबाच्या वहीत स्वतंत्र व्यावसायिक कसा? हा विरोध कोणत्याही तपासणी अधिकाऱ्याच्या नजरेस सहज येण्याजोगा आहे. मानधन हे नाव दिल्याने वेतनाचे स्वरूप बदलत नाही. मालक-नोकर संबंध आहे की नाही, हेच पाहिले जाते. त्या वैद्याचीही यात ओढाताण होते. विवरणपत्रात तो वेतन दाखवितो, खात्याकडील नोंदीत व्यावसायिक शुल्क दिसते, आणि दहा टक्के कापल्याने सगळा कर फिटला अशा समजुतीत तो राहतो.

मालकांनी हेही जाणावे की कमी कपात वर्ष संपण्यापूर्वी लक्षात आली, तर कलम १९२(३) प्रमाणे उरलेल्या महिन्यांत ती भरून काढता येते. म्हणून जानेवारीत सर्व कर्मचाऱ्यांचा हिशेब एकदा नव्याने मांडावा. वर्ष उलटल्यावर न कापलेल्या करावर दरमहा एक टक्का, आणि कापून न भरलेल्या करावर दीड टक्का व्याज लागते. विवरणास उशीर झाल्यास दररोज २०० रुपये शुल्क. कापलेला कर जाणूनबुजून न भरणे हा कलम २७६ब खाली शिक्षापात्र गुन्हा आहे. लहान औषधालय म्हणून त्यास अपवाद नाही. कर्मचाऱ्याने स्वतः विवरणपत्र भरून कर भरला असेल, तर सनदी लेखापालाच्या दाखल्यासह नमुना २६ए देऊन मालकास कसूरदार ठरण्यापासून वाचता येते. व्याज मात्र चुकत नाही.

काही सहृदय मालक चूक आपली म्हणून कर्मचाऱ्याचा कर स्वतःच भरतात. भावना चांगली, पण तो भरलेला कर कलम १७(२) प्रमाणे कर्मचाऱ्याची परिलब्धी ठरतो व त्यावर पुन्हा कर लागतो. त्याऐवजी बिनव्याजी आगाऊ रक्कम देऊन ती वेतनातून हप्त्यांनी वळती करावी. सर्व कर्जे मिळून विहित मर्यादेच्या वर गेल्यास तेथेही परिलब्धीचे नियम लागू होतात, एवढे पाहावे.

दुरुस्ती विवरणाची मुदत आता पूर्वीसारखी मोकळी नाही. जुन्या कायद्यात २०२४ च्या दुरुस्तीने ती सहा वर्षांवर आणली गेली. नव्या कायद्यात ती कर वर्षाच्या अखेरपासून दोनच वर्षे ठेवली आहे. मालकास पत्र लिहिताना म्हणूनच आपला पॅन, संबंधित तिमाही, कापलेली रक्कम व संस्थेचा टॅन ही चार माहिती द्यावी, पगारपत्रकाची प्रत जोडावी आणि पत्र नोंदणीकृत टपालाने किंवा ई-मेलने पाठवून पोच ठेवावी. प्रत्येक तिमाहीचे विवरण भरण्याची मुदत अनुक्रमे ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी व ३१ मे आहे. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी २६एएस उघडून पाहिला, तर चूक त्याच तिमाहीत सापडते आणि लेखनिकासही ती आठवत असते.