बंदीच्या दिवसांत इंजिनाचे पाणी बदलताना

31 जुलैपर्यंत बंदी आहे, ट्रॉलर जेटीला आहेत. जाळ्यांची आणि रंगाची कामे सगळेच काढतात, पण इंजिनाच्या आत फिरणारे गोडे पाणी कोणी बघत नाही.

दरवर्षी विचारतात, "हिरवा कुलंट घालू की लाल?" रंगावर जाऊ नका. रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने घालते. इंजिनाच्या पुस्तकात काय लिहिले आहे ते बघा. पुस्तक हरवले असेल तर मॉडेल नंबर सांगून डीलरकडे विचारा.

आपल्या बऱ्याच जुन्या डिझेल इंजिनांत लायनर थेट पाण्यात असतो. इंजिन चालताना तो थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात. ते फुटता फुटता लोखंड टोकरतात. शेवटी आरपार भोक पडते, पाणी ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल दुधासारखे होते. मग इंजिन उघडावेच लागते, तेही ऐन सीझनला! हे टाळण्यासाठी हेवी ड्युटी डिझेलचाच कुलंट लागतो. कारचा स्वस्त डबा इथे चालत नाही.

"आपल्याकडे बर्फ पडत नाही, कुलंट कशाला?" असेही म्हणतात. अहो, तो गंज धरू नये म्हणूनही असतो. विहिरीच्या पाण्यातले क्षार आत खपली धरतात, म्हणून डिस्टिल्ड पाणीच घ्या. 20 लिटर बसत असेल तर साधारण 10 लिटर कुलंट, 10 लिटर पाणी. डब्यावर तयार मिश्रण लिहिले असेल तर त्यात पाणी घालू नका. नुसता कुलंटही भरू नका, त्याने उष्णता कमी ओढली जाते.

जुने पाणी ब्लॉकच्या प्लगातूनही काढा, नाहीतर निम्मे आतच राहते. स्वच्छ येईपर्यंत धुवा. दोन जातीचे कुलंट मिसळले तर कधी कधी चिकट गाळ होतो. भरल्यावर झाकण उघडे ठेवून इंजिन थोडे चालवा, हवा निघते, पातळी खाली जाते, मग परत भरा. त्याच वेळी खाऱ्या पाण्याच्या बाजूचा झिंकही बघून घ्या.

गरम इंजिनाचे झाकण कोणीही उघडू नये, खलाशांना हे परत परत सांगा.

काढलेला कुलंट जेटीवरून पाण्यात ओतू नका. तो गोडसर लागतो पण विषारी असतो, कुत्री चाटतात, लहान मुले हात लावतात. कॅनमध्ये भरून, झाकण लावून सोसायटीत आणून द्या.