जुना पाळणा ठेवावा की मोडावा?

खानदेशात यात्रांचे वेळापत्रक पंचांगाइतकेच पक्के असते. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. (१९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हे गाव धुळे जिल्ह्यात होते.) वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा, तर चैत्रात धुळ्याला पांझरेच्या काठी एकवीरा देवीची. यात्रा कोणतीही असो, दुरून आधी दिसतो तो आकाशपाळणा.

अशाच एका यात्रेत सातवीतल्या एका मुलाने मला विचारले होते, "सर, या पाळण्यात माझे बाबासुद्धा लहानपणी बसले होते म्हणे. मग आता हा म्हातारा नाही का झाला?" प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जगभरातल्या मनोरंजन उद्यानांच्या मालकांना, अभियंत्यांना आणि नगरपालिकांना तो पडलेला आहे. फरक एवढाच, की त्यांच्यापुढे पाळणा नसून शंभरीच्या आसपास पोचलेली रोलर कोस्टर असते.

रोलर कोस्टर म्हणजे चढउतारांचा रूळ आणि त्यावरून धावणारी बिनइंजिनाची गाडी. साखळी किंवा दोर गाडीला पहिल्या टेकाडावर ओढून नेतो. पुढचे सारे काम गुरुत्वाकर्षणाचे. उंचीमुळे मिळालेली स्थितिज ऊर्जा उतारावर गतिज ऊर्जेत बदलते आणि चढावर पुन्हा स्थितिज होते. दर फेरीत घर्षणाला थोडा कर द्यावा लागतो, म्हणून पुढची टेकाडे ठेंगणी ठेवावी लागतात.

न्यूयॉर्कमध्ये कोनी आयलंडला 'सायक्लोन' नावाची रोलर कोस्टर २६ जून १९२७ रोजी सुरू झाली. तिची उंची ८५ फूट, म्हणजे सुमारे २६ मीटर, आणि वेग ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर, असे सांगितले जाते. वर्गात हा आकडा तपासून पाहावा. वेगाचा वर्ग = २ × ९.८ × उंची. उंची २६ मीटर घेतली तर वेग येतो सेकंदाला साधारण २२.६ मीटर, म्हणजे ताशी ८१ किलोमीटर! तोही घर्षण शून्य धरून. ताशी ९७ किलोमीटर गाठायचे तर जवळजवळ ३७ मीटर खाली यावे लागेल. माथ्यावर गाडीला साखळीचा थोडा वेग असतोच, पण तो सेकंदाला २ मीटर धरला तरी उंचीत जेमतेम २० सेंटिमीटरची भर पडते. म्हणजे प्रसिद्ध आकडा जाहिरातीचा आहे, भौतिकशास्त्राचा नाही. दहावीच्या मुलांना हे गणित घातले की त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. छापलेला आकडा चुकीचा असू शकतो, ही गोष्टच त्यांना नवी असते.

या 'सायक्लोन'वर एकदा मोडण्याची वेळ आली होती. १९६९ साली ती न्यूयॉर्क शहराच्या मालकीची झाली आणि शेजारच्या मत्स्यालयाला जागा हवी म्हणून ती पाडावी, असे ठरू लागले. लोकांनी ती वाचवण्यासाठी मोहीम काढली. दुरुस्तीनंतर १९७५ साली ती पुन्हा धावू लागली आणि १९८८ साली शहराने तिला वारसा वास्तूचा दर्जा दिला. या दर्जाची किंमत पुढे कळली. ज्या उद्यानाकडे ती चालवायला होती, ते २००८ साली बंद पडले, पण 'सायक्लोन' राहिली.

शंभर वर्षांचे लाकडी रूळ सुरक्षित कसे? इथे आपली बैलगाडी मदतीला येते. गाडीचे चाक लाकडी, त्यावर लोखंडी धाव. जुन्या रोलर कोस्टरचा रूळ साधारण तसाच असतो. फळ्यांचे थर एकमेकांवर ठोकलेले आणि चाक जिथून जाते तिथे वर पोलादाची सपाट पट्टी. (सायक्लोनचा सांगाडा मात्र पोलादी आहे, लाकूड आहे ते रुळात.) बैलगाडीची धाव सैल झाली की काढून पुन्हा चढवतात, एखादा आरा मोडला की सुतार नवा बसवतो, साटी बदलतात, जू बदलतात. वीस वर्षांनी ही तीच गाडी का, असे विचारले तर शेतकरी 'हो' म्हणेल, आणि लाकूड मोजू पाहणारा माणूस गोंधळात पडेल. लाकडी रोलर कोस्टरचेही तसेच. दर हिवाळ्यात काही हात रूळ उखडून नव्या फळ्या घालायच्या, बोल्ट आवळायचे. त्यामुळे १९२७ साल हे रचनेचे वय असते. पायाखालची फळी कदाचित गेल्या वर्षीची असते.

लाकडाचे शत्रूही आपल्या ओळखीचे: पाणी, कुजणे, वाळवी आणि सांध्यांत सैल होणारे खिळे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की लाकूड वाळून आकसते आणि चाकाची धाव खुळखुळू लागते. मग चाके पाण्यात टाकून फुगवतात. लाकडाचे दुखणे बहुधा असे आवाज करून, डोळ्यांना दिसून येते. लाकडाच्या बाजूने ही मोठी गोष्ट आहे.

पोलाद निराळे. ते बराच काळ काहीच बोलत नाही.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. आसावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार पडलेला नव्हता. मग तो मोडला कसा? पुढे प्रशियाच्या रेल्वेतले अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी आसांवर पुन्हा पुन्हा भार देऊन प्रयोग केले. एकदा दिलेला भार जो आस सहज पेलतो, तोच भार लाखो वेळा उलटसुलट दिला तर आस तुटतो. कुठेतरी एक बारीक तडा सुरू होतो, दर फेऱ्याला केसभर पुढे सरकतो, आणि उरलेला भाग भार पेलू शकत नाही त्या क्षणी सारे संपते. याला धातूचा थकवा म्हणतात. पोलादात भार एका मर्यादेखाली ठेवला तर थकवा जवळजवळ येतच नाही, हेही व्होलर यांच्या कामातून पुढे आले. मात्र वेल्डिंगच्या जागी, गंजलेल्या खाचेत किंवा भोकाच्या काठाशी ताण एकवटतो आणि ती मर्यादा कधी ओलांडली हे कळत नाही.

वर्गात दाखवायचे तर कागदाला लावायची तारेची टाचणी घ्या. तिचा एक पाय पूर्ण उलटा वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. थोड्याच वेळात तुटेल. दुसरी टाचणी फक्त थोडीशी, सारख्या कोनात, वाकवत राहा. मुले कंटाळतील, पण टाचणी तग धरेल. दोन्हींचे आकडे फळ्यावर लिहिले की व्होलर समजला.

आता आपला आकाशपाळणा मोजू. तो १० सेकंदांत एक फेरा घेतो आणि त्याची त्रिज्या ८ मीटर आहे असे धरा. केंद्राकडचे त्वरण येते सुमारे ३.२, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या एक तृतीयांशाजवळ. ५० किलोचा मुलगा खाली असताना त्याला आपले वजन ६६ किलो वाटेल आणि माथ्यावर ३४ किलो. पोटात गोळा येतो तो यामुळेच. पाळण्याच्या आऱ्याला, पिनेला आणि पेटी टांगलेल्या कडीलाही हाच फरक दर फेऱ्याला सोसावा लागतो. मिनिटाला ६ फेरे, रात्रीचे ५ तास, म्हणजे १,८०० फेरे. १५ दिवसांच्या यात्रेत २७,०००. वर्षात अशा दहा यात्रा केल्या तर २,७०,०००. चार वर्षांतच दहा लाखांचा आकडा ओलांडला जातो. व्होलर यांच्या प्रयोगांतले आकडे याच घरातले होते.

म्हणून पाळण्याचे वय वर्षांत मोजणे मला अपुरे वाटते. गोदामात वीस वर्षे पडून राहिलेला पाळणा आणि वीस वर्षे गावोगाव फिरलेला पाळणा यांची जन्मतारीख एक असली तरी वय एक नाही. शिवाय फिरता पाळणा दर यात्रेला उकलतात, ट्रकमध्ये घालतात आणि पुन्हा जोडतात. उद्यानातली जुनी रोलर कोस्टर एका जागी उभी असते, तिची तपासणी तीच माणसे वर्षानुवर्षे करतात. वयाने लहान असूनही धोका फिरत्या पाळण्यात जास्त असू शकतो. जुन्या, चार पेट्यांच्या, हाताने फिरवायच्या लाकडी रहाटपाळण्याबद्दल मात्र मला फारशी काळजी वाटत नाही. उंची कमी, वेग माणसाच्या दंडाइतका.

मोडावे म्हणणाऱ्यांची बाजू कमी लेखू नये. लंडनच्या बॅटरसी पार्कमधली 'बिग डिपर' १९५१ सालची. ३० मे १९७२ रोजी तिची गाडी चढावर ओढणाऱ्या दोरापासून सुटली, मागे घसरू न देणारा ब्रेक चालला नाही आणि गाडी उलटी खाली आली. पाच मुले दगावली. ती रोलर कोस्टर नंतर मोडून टाकली. यात लाकूड म्हातारे झाले एवढाच मुद्दा नव्हता. ज्या भागावर जीव अवलंबून होते, तो भाग निकामी झाल्याचे वेळेत कळले नाही. जुन्या रचनांत दुसरा आणि तिसरा आधार बहुधा कमी असतो. १९०२ साली अमेरिकेत अल्टूना गावी बांधलेल्या 'लीप द डिप्स'च्या गाडीला तर रुळाला खालून धरणारी चाकेच नाहीत. ती चाके जॉन मिलर यांनी १९१९ च्या सुमारास पेटंट घेऊन रूढ केली. गाडीचा वेग बैलांच्या शर्यतीहून फार नाही, म्हणून ते चालते. ही रोलर कोस्टर १९८५ साली बंद पडली होती, ती डागडुजी करून १९९९ साली पुन्हा सुरू केली गेली. वेग कमी असेल तर जुने ठेवणे सोपे जाते.

मेलबर्नच्या लूना पार्कमधली १९१२ सालची 'सीनिक रेल्वे' पाहताना मला जळगावचा रथ आठवतो. तिथे गाडीच्या मध्यभागी एक माणूस उभा असतो आणि उतारावर हाताने ब्रेक लावतो. जळगावात १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघणाऱ्या श्रीरामाच्या रथाला भाविक दोरांनी ओढतात आणि चाकांखाली लाकडी मोगरी सरकवून त्याला आवरतात. दोन्हीकडे यंत्राचा खरा सुरक्षा-भाग माणूस आहे, आणि ती विद्या हातातून हातात जाते. रथ ठेवायचा तर मोगरी लावणारे घडवावे लागतात. मेलबर्नलाही गाडी ठेवायची तर ब्रेकवाले घडवावे लागतात.

मधला मार्गही आहे. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या 'टेक्सस जायंट' या १९९० च्या लाकडी रोलर कोस्टरचा रूळ काढून २०११ साली त्याच सांगाड्यावर पोलादी रूळ बसवला. सफर गुळगुळीत झाली. पण २०१३ साली याच नव्या रुळावर एक बाई गाडीतून बाहेर फेकली जाऊन मरण पावली. रूळ नवा होता, प्रश्न बसणाऱ्याला धरून ठेवणाऱ्या दांडीचा होता. आपल्याकडे १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या उद्यानात लंबकासारखा झुलणारा पाळणा मधल्या दांड्यात तुटून दोघे दगावले आणि अनेक जखमी झाले. तो काही कोणी जपलेला वारसा नव्हता.

खरे तर जुनी रोलर कोस्टर ठेवावी की नाही, हा प्रश्न पडण्याइतके वय आपल्याकडच्या उद्यानांना लाभतच नाही. दिल्लीचे अप्पू घर १९८४ ते २००८. गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ साली उघडले आणि २०२२ साली बंद झाले. मुंबईच्या सहलीला गेलेल्या आपल्या कितीतरी मुलांनी पहिली रोलर कोस्टर तिथेच पाहिली. पाळणे म्हातारे होण्याआधी जमीनच महाग होते किंवा हिशेब बसेनासा होतो. जपण्याजोगे काही होते का, हे पाहायलाही सवड मिळत नाही.

माझे मत विचाराल तर ठेवावे, पण तीन अटींवर: झीज डोळ्यांना किंवा उपकरणाला दिसली पाहिजे, झिजलेला भाग सुटा बदलता आला पाहिजे, आणि केव्हा काय बदलले याची वही असली पाहिजे. तिसऱ्या अटीवर आपण बहुतेक वेळा नापास होतो.

त्या मुलाला मी तेव्हा उत्तर दिले नाही. त्याला पाळणेवाल्याकडेच घेऊन गेलो. माणूस मोकळा होता. म्हणाला, "सांगाडा माझ्या वडिलांच्या वेळचा. बेअरिंग दोन वर्षांपूर्वी टाकले. पिना या मोसमात नव्या घातल्या." मुलाने वर बोट दाखवून विचारले, "आणि काका, ते जोड?" वर, आरे जिथे कड्याला मिळतात तिथे, रंगाखाली वेल्डिंगचे उंचवटे दिसत होते. पाळणेवाला थोडा वेळ तिकडे पाहत राहिला. "ते काही आठवत नाही," तो म्हणाला.