आधी बंदर, मग बोट

‘बोट लागली’ या दोन शब्दांचे कोकणात दोन अर्थ होतात. बोट धक्क्याला लागते आणि बोट माणसालाही लागते. पहिल्या लागण्यात पोचल्याचा आनंद असतो, दुसऱ्यात पोट हातात धरून कठड्याशी उभं राहणं असतं. समुद्रावरच्या कुठल्याही सहलीची खरी आखणी या दोन लागण्यांभोवती करायची असते. बोट कुठे, कधी आणि कशी लागणार, आणि ती आपल्याला लागली तर काय करायचं? आजच्या क्रूझच्या गुळगुळीत माहितीपत्रकात मात्र यातलं काहीच नसतं. तिथे तरणतलाव असतो, बुफे असतो, नाचगाणी असतात आणि बाल्कनीतून दिसणारा सूर्यास्त असतो. सगळं बोटीबद्दल, बंदराबद्दल जवळपास काही नाही. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरून पाहिलं तर हे उफराटं वाटतं. शंभराहून अधिक वर्षं आगबोटीच्या भोंग्यावर दिवस लावणाऱ्या या किनाऱ्याचा अनुभव सांगतो, की सागरी सहल आखायची ती बोटीपासून नव्हे, बंदरापासून.

हा अनुभव कुठून आला ते आधी पाहू. मुंबईहून सुटणारी आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला पोचायची. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीपासून अखेरच्या काळातल्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’पर्यंत बोटी बदलत गेल्या, पण बंदरांची माळ तीच राहिली. यातल्या अनेक ठिकाणी बोट काठाला येतच नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची आणि माणसं, ट्रंका, पाट्या, कोंबड्या पडावांतून किनाऱ्यावर यायच्या. मालवणचं बंदर तर खडकांच्या जाळ्यात बसलेलं. सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेट निवडलं, त्यामागे हेच खडक होते. वाट ठाऊक नसलेलं जहाज इथे सरळ आत घुसू शकत नाही. जी गोष्ट आरमाराच्या सोयीची, तीच प्रवाशाच्या गैरसोयीची.

आता आजचं जहाज या किनाऱ्यावर आणून पाहा. २०२१पासून मुंबईहून निघणारी कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ ही १९९० साली बांधलेली, सुमारे २१० मीटर लांब आणि सात मीटरच्या आसपास पाण्यात बुडालेली बोट आहे. तिच्यावर दीड हजारांहून अधिक प्रवासी मावतात. जगातल्या नव्या क्रूझ बोटींपुढे ती लहानच, पण मालवणसाठी अवाढव्य. त्यामुळे मुंबई–गोवा क्रूझचं तिकीट काढणाऱ्याने मनाशी पक्कं करावं, की संध्याकाळी सुटलेली बोट सिंधुदुर्गासमोरून बहुधा पहाटेच्या अंधारात आणि किनाऱ्यापासून दूरवरून जाते. किल्ला दिसत नाही, तारकर्लीची वाळू दिसत नाही, दीपस्तंभाची उघडझाप दिसली तर नशीब. ज्याला समुद्रावरच्या दोन निवांत रात्री हव्यात त्याने जरूर जावं. ज्याला कोकण पाहायचं आहे त्याने गोव्यात मुरगावला उतरण्याची सोय आहे का, म्हणजे एकतर्फी तिकीट मिळतं का, हे आधी विचारावं आणि पुढचे तीन दिवस वेंगुर्ला-मालवणसाठी ठेवून परतीचं तिकीट कुडाळहून रेल्वेचं काढावं.

बंदराचा पहिला धडा ऋतूचा. पावसाळ्यात कोकणातली बंदरं बंद असत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर दर्यावर्दी पुन्हा बाहेर पडत. आजही महाराष्ट्रात २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात छोट्या प्रवासी बोटी आणि जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही त्यात आल्या. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. फसगत होते ती दिवाळीच्या सुट्टीत, कारण पाऊस संपला म्हणजे समुद्र शांत झाला असं आपण धरून चालतो. अरबी समुद्रात वादळांचे दोन मोसम असतात, एक पावसाळ्याच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि दुसरा पाऊस परतल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी बुडाल्या तो दिवस ११ नोव्हेंबर १९२७. बरोबर ८२ वर्षांनी त्याच तारखेला, ११ नोव्हेंबर २००९ रोजी, फयान वादळाने कोकणच्या मच्छीमारांना गाठलं. २०१९च्या दिवाळीच्या तोंडावर क्यार आलं. मे महिन्याची सुट्टी तरी कुठे निर्धोक? तौक्ते वादळ १६ मे २०२१ रोजी सिंधुदुर्गाला झोडपून गेलं. म्हणून तारखा हातात असतील तर डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतच्या घ्याव्यात. दिवाळीत किंवा मे महिन्यात जायचंच असेल तर फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळतात की पुढची तारीख मिळते, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्यावं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फोल नाही. आगबोटींचा काळ गेला, आजच्या बोटीवर रडार आहे, उपग्रहावरून येणारा हवामानाचा अंदाज आहे, डोलणं कमी करणारे पंख बुडाशी आहेत. मग पंचांग घेऊन कशाला बसायचं? बोट सुधारली हे खरंच. पण बंदर, वारा आणि लाटा सुधारलेल्या नाहीत. लक्षद्वीपचं उदाहरण बोलकं आहे. तिथे मोठी बोट आजही बाहेर उभी राहते आणि प्रवासी लहान बोटींतून बेटावर जातात, म्हणजे मालवणचा जुना पडावच नव्या रूपात. लाटा उंच असल्या तर बोट सुखरूप उभी असते, पण लहान बोटीत उतरणं धोक्याचं ठरतं. अशा वेळी बेटावरचा दिवस रद्द होतो आणि कप्तानाचा निर्णय अंतिम असतो. तो बरोबरही असतो. म्हणूनच कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक बंदरापुढे बोट धक्क्याला लागणार की बाहेर नांगरणार, हे विचारून लिहून ठेवावं. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना डुलत्या होडीत पाय टाकायला लावायचा का, याचं उत्तर यातच मिळतं. बाकी चढउतार नको, रोज हॉटेल बदलणं नको, सामान एकदाच लावायचं, या कारणांनी क्रूझ वयस्कांना इतर सहलींपेक्षा सोयीची पडते, फक्त बंदरं धक्क्याची निवडावीत.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो दोन्ही बाजूंनी केला जातो. कुणी म्हणतं क्रूझ म्हणजे श्रीमंती चोचले, कुणी म्हणतं राहणं-खाणं-फिरणं सगळं आलं, म्हणजे स्वस्तच. दोघेही अर्धाच हिशेब करतात. जाहिरातीतला आकडा बहुधा एका खोलीत दोघं धरून माणशी असतो. त्यावर बंदराचं शुल्क, कर आणि सेवाशुल्क चढतं. मद्य, इंटरनेट, खास उपाहारगृहं आणि काठावरच्या सहली वेगळ्या. एकट्या प्रवाशाला खोलीचे जवळजवळ दुप्पट पैसे पडू शकतात. म्हणून सगळी बेरीज करून तिला रात्रींच्या संख्येने भागावं आणि मग काठावरच्या चांगल्या हॉटेलाशी तुलना करावी. बाल्कनीसाठी जादा पैसे मोजण्याआधी दिवसाउजेडी बोट किती तास चालणार ते पाहावं. दोन रात्रींच्या फेरीत बराचसा प्रवास अंधारातला असतो, तेव्हा खिडकी नसलेली आतली खोलीही चालून जाते. उरलेले पैसे बंदरावर खर्च करावेत.

खोली निवडताना नजाऱ्यापेक्षा पोटाचा विचार आधी करावा. बोट लागण्याचं कारण साधं आहे. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय आणि खोलीच्या भिंतीकडे पाहणारे डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या भांडणात पोट बिघडतं. झोपाळ्याचं टोक जसं सर्वांत जास्त हलतं, तशी बोटीची दोन्ही टोकं आणि वरचे मजले जास्त हलतात. ज्याला एसटीतही उलटी होते त्याने खालच्या मजल्यावरची, मध्यावरची खोली मागावी. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची ती मळमळ सुरू होण्याआधी. पोट रिकामंही नको आणि बुफेने तुडुंब भरलेलंही नको. आलेपाक किंवा आवळासुपारी जवळ असावी आणि अस्वस्थ वाटताच खोलीत पडून राहण्याऐवजी डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावं. रोजची औषधं, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण चढताना दिलेली मोठी बॅग खोलीत पोचायला काही तास लागतात. इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड या गोष्टी आगीच्या भीतीने काढून घेतल्या जातात. घरचं शिजवलेलं अन्नही बहुतेक बोटींवर चालत नाही, तेव्हा उपासाचं किंवा बिनकांदा-लसणीचं जेवण आरक्षणाच्या वेळीच सांगून ठेवावं.

वेळेच्या बाबतीत बोट रेल्वेपेक्षाही कडक असते. मागे राहिलेल्यांसाठी ती थांबत नाही. कुडाळ किंवा कणकवलीहून मुंबईला जाऊन बोट पकडणाऱ्याने त्याच दिवसाच्या गाडीवर भिस्त ठेवू नये, आदल्या दिवशी पोचावं. परदेशातल्या क्रूझना तर ही सावधगिरी कागदपत्रांतही लागते. ग्रीसहून निघून तुर्कस्तानात थांबून पुन्हा ग्रीसला येणाऱ्या बोटीसाठी शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. व्हँकुव्हरहून अलास्काला जायचं तर कॅनडा आणि अमेरिका, दोन्हींचे व्हिसा हवेत. तिथेही नियम तोच, बोट कुणाची हे नंतर, बंदरं कुणाची हे आधी.

सुरक्षेचा मुद्दा सणाच्या अंकात जड वाटेल, पण टाळण्यासारखा नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ऐन आषाढातली खवळलेली हवा होती आणि पुढे गटारीसाठी घरी जाण्याची घाई होती. समुद्र आणि कॅलेंडर यांच्या भांडणात माणसांनी कॅलेंडरची बाजू घेतली. इटलीजवळ २०१२ साली ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून ३२ जण दगावले, तेव्हा नव्याने चढलेल्या अनेक प्रवाशांची सुरक्षा कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर ही कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. म्हणून ती चालू असताना मोबाइल खिशात ठेवून, लाइफ जॅकेट कसं बांधायचं आणि आपली जमण्याची जागा कोणती, हे मुलांनाही दाखवावं.

आणि मोठ्या बोटीपेक्षा जास्त जपायचं ते लहान बोटीत, म्हणजे नेमकं मालवणसारख्या ठिकाणी. तारकर्लीजवळ २४ मे २०२२ रोजी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. बंदी लागायला दोनच दिवस उरले होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा तिच्यावर परवान्यापेक्षा जास्त माणसं होती. किल्ल्याला, डॉल्फिन पाहायला किंवा देवबागच्या संगमावर जाताना होडीवर लिहिलेली प्रवासीसंख्या वाचावी, जॅकेट अंगात घालावं आणि माणसं जास्त झाली तर पुढच्या होडीची वाट पाहावी. दहा मिनिटांच्या फेरीला जॅकेट कशाला, असं म्हणणारे भेटतातच. पण बुडायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

मग मालवणलाच मोठ्या बोटींचा धक्का का बांधू नये, असा प्रश्न उरतो. रोजगाराच्या दृष्टीने तो रास्त आहे. पण १९८७पासून मालवणचा किनारा सागरी अभयारण्य आहे. ज्या खडकांमुळे मोठी बोट येऊ शकत नाही, त्याच खडकांवरच्या प्रवाळांसाठी आणि माशांसाठी लोक स्कूबाचा पोशाख चढवतात. खडक फोडून पाहुणे आणले तर त्यांना दाखवायला काय उरणार? मालवणचं भांडवल लहान बोट हेच आहे, आणि क्रूझवरून उतरून इथे येणाऱ्याने त्याच मापाने दिवस आखावा. मतलई वारा असतो तोवर, म्हणजे सकाळी, पाण्यावरचे कार्यक्रम उरकावेत. दुपारी खारा वारा सुटला की होडी उडायला लागते. भरतीची वेळ शोधायला मोबाइलही लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

दिवाळी अमावास्येची. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मालवणात उधाणाची भरती सकाळी सव्वाअकराच्या आगेमागे, आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ओहोटी. सूर्य बुडतो सहा वाजून गेल्यावर. त्या मधल्या वेळात ओल्या वाळूवरून चालायला कुठलंच तिकीट लागत नाही.