सँडविचचा साचा आणि आईचे मनगट

ग्रामोद्योगांचे मगन संग्रहालय १९३८ साली ज्या वर्ध्यात उघडले, त्याच गावात राहून सँडविच भाजायला विजेचे यंत्र आणावे की हाताने उलटवायचा साचा, यावर आमच्या घरी दोन दिवस खल चालला.

माझा कौल साच्याला. मुंबईचे फेरीवाले शेगडीवर धरतात तोच हा, लांब दांड्यांचा, ॲल्युमिनियमचा. वीज गेली तरी याचे अडत नाही. पावाच्या कडा दाबल्या जातात, बटाट्याची भाजी आतच राहते. घेताना मात्र कडी घट्ट बसते का, मूठ तापणार तर नाही ना, आणि आपल्याकडचा पाव त्यात मावतो का, हे दुकानातच पाहावे. शिवाय याला ज्योत हवी. इंडक्शनच्या शेगडीवर तो काही तापत नाही.

पण नातवाला सँडविच करून घालायचा हट्ट आईचा, आणि भरलेला साचा तिच्या मनगटाने उलटेना! शेवटी सौ.नेच निकाल दिला. विजेचे यंत्र दोन्ही बाजूंनी एकदम भाजते, उलटवणे नाही. पत्रे सुटे निघणारे तेवढे पाहून घेतले. चिकटलेले बटाटे खरवडले की त्यांचा लेप जातो.

साचा आता खुंटीवर असतो. वीज गेली की आई मला हाक मारते.