न दिसणारी खूण आणि दोन स्पेस

जैनाबाद माझं आजोळ. तापीच्या एका काठाला बुऱ्हाणपूर, पलीकडे जैनाबाद. मुमताजचं दफन आधी इथेच झालं, काही महिन्यांनी तिला आग्र्याला नेलं. अंकातल्या आहूखान्याच्या फोटोखाली मी लिहिलं, ‘जैनाबाद १६३१, आग्रा १६३२’. गावांची नावं उर्दू लिपीत, सालं इंग्रजी आकड्यांत. ब्राउझरमध्ये पाहिलं तर डावीकडे आग्रा, उजवीकडे जैनाबाद, आणि १६३१ हे साल आग्र्याच्या पुढे! इतिहासच उलटा.

उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. इंग्रजी आकड्यांना स्वतःची ठाम दिशा नसते, ते आधीच्या अक्षरामागे जातात. त्यामुळे दोन नावं, दोन सालं आणि स्वल्पविराम मिळून एकच उलटा तुकडा झाला. (बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी आणि संस्कृत दोन्ही शिलालेख आहेत. पाथरवटाला बिचाऱ्याला ही भानगड नव्हती.)

उपाय म्हणून प्रत्येक नावापुढे ‘लेफ्ट-टू-राइट मार्क’ घातला. हे न दिसणारं, शून्य रुंदीचं अक्षर आकड्यांना मराठीच्या दिशेला वळवतं. पण माझ्याकडून त्याच्या दोन्ही बाजूंना स्पेस पडली. आता फट एक दिसणार की दोन?

एचटीएमएलमध्ये एरवी लागोपाठच्या कितीही स्पेस दिल्या तरी ब्राउझर एकच दाखवतो. मध्ये खूण आली तर? सीएसएसचा नियम सांगतो, की दिशेच्या खुणा जणू नाहीतच असं समजून स्पेस मोजा. म्हणजे दुसरी स्पेस गळते, खूण मात्र आपलं काम करत राहते.

ही सवलत फक्त दिशेच्या खुणांना. आपल्या मराठीत जास्त भेटतो तो ‘झिरो विड्थ जॉइनर’. ‘बुऱ्हाणपूर’मधला ऱ्ह काही जण साधा र, हलन्त आणि हा जॉइनर देऊन उमटवतात. शब्द खोडताना तो एकटाच मागे राहिला आणि दोन्ही बाजूंना स्पेस असल्या, तर ब्राउझरच्या दृष्टीने मध्ये खरंखुरं अक्षर आहे. मग दोन्ही स्पेस टिकतात, फट मोठी दिसते, आणि आपण स्क्रीनकडे बघत बसतो, की इथे तर काहीच नाही! अशा वेळी फटीच्या आधीच्या अक्षरापासून पुढच्या अक्षरापर्यंत सगळं खोडून एकदाच स्पेस द्यावी.

फोटोखालच्या ओळीतल्या खुणा शेवटी मी काढूनच टाकल्या. देवनागरी आकड्यांना मराठी अक्षरांचीच दिशा असते, म्हणून सालं देवनागरीत केली. जैनाबाद पहिलं आलं.