चाकांवरची काळी पूड

कोकणातल्या माणसाला गंजाची नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. खिडकीचे गज, विहिरीवरचा रहाट, दाराच्या बिजागऱ्या, सगळ्यांना खारा वारा खातच असतो. मालवण तालुक्यातल्या आमच्या तोंडवलीत हा जाच दुहेरी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. अशा गावात लोखंडी गाडी बाळगणे म्हणजे लोणच्याच्या बरणीत सुई जपण्यासारखे आहे. तरीही आज पिकअपवाचून चालत नाही. पहाटे बर्फात घातलेली मासळी फोंडा घाट चढून कोल्हापूरकडे जाते आणि येताना त्याच हौद्यातून भाजीपाला खाली उतरतो.

माझ्या पुतण्याची अशीच एक पिकअप आहे. गाडीवर त्याचा फार जीव. त्याची तक्रार मात्र कायमची एकच. ‘‘काका, गाडी धुवची तरी कितके वेळा? घाट उतारलंय काय फुडची चाकां परत काळी!’’ हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. त्यामुळे या काळ्या पुडीकडे मी नुसती घाण म्हणून पाहू शकत नाही. ती कुठून येते, हे कळले की तिचे काय करायचे तेही कळते.

ब्रेक दाबला म्हणजे काय होते? पुढच्या चाकात बिडाची एक तबकडी फिरत असते, तिला आपण डिस्क म्हणतो. दोन्ही बाजूंनी तिला पॅड चिमटीत धरतात आणि गाडीचा वेग घर्षणाने उष्णतेत बदलतो. ही उष्णता किती असावी? समजा, अडीच टनांची गाडी ५०० मीटर खाली उतरली आणि सगळा भार ब्रेकवरच पडला, तर निघणाऱ्या उष्णतेने सुमारे ४० लिटर पाणी उकळी येण्याइतके तापेल. एवढे सोसताना पॅड झिजतो आणि डिस्कही झिजते. लोखंडाचे कण, पॅडमधले धातू, काजळीसारखा कार्बन आणि राळ यांची मिळून ती पूड होते. मागच्या चाकांना बहुधा ड्रम असतो. तिथली पूड आतच साठते, म्हणून ती चाके त्या मानाने स्वच्छ दिसतात. शिवाय ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे अधिक काम पुढच्या ब्रेकांनाच पडते.

म्हणून पूड कमी करण्याचा पहिला उपाय बादलीत नसून गिअरमध्ये आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम. मग इंजिनच गाडीला धरून ठेवते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे महाभाग आजही आहेत. त्यांचे पॅड तापून तापून पकड सोडू लागतात, आणि इंजिन बंद केले असेल तर थोड्याच वेळात पेडलही दगडासारखे कडक होते. घाटातल्या वळणावर हे कळून उपयोग नसतो.

पूड पुसण्यापूर्वी ती वाचावी, असे मी पुतण्याला सांगतो. पुढची दोन्ही चाके सारखीच काळी असली तर सगळे ठीक. एकच चाक फार काळे असेल आणि हात जवळ नेताच जास्त तापलेले जाणवत असेल, तर तिथला पॅड अडकून घासतो आहे. खाऱ्या हवेत कॅलिपरच्या पिना गंजून असे वारंवार होते. एखाद्या चाकावर पूड जवळपास नसेलच, तर तो ब्रेक लागतच नसावा. पूड ओलसर, तेलकट दिसली तर ब्रेक ऑइल गळत असण्याचा संशय घ्यावा आणि गाडी आधी मिस्त्रीकडे न्यावी, धुणे मागाहून.

आता जरा गंभीर गोष्ट. गॅरेजमध्ये ड्रम उघडला की आतली पूड हवा मारून उडवण्याची पद्धत अजून सर्रास दिसते. समोर पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा उकिडवा बसलेला असतो आणि तो सगळा धुरळा त्याच्या नाकातोंडात जातो. पूर्वी लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास वापरत. त्याचे तंतू फुप्फुसात रुतले की आजार कित्येक वर्षांनी, कधी कर्करोगाच्या रूपाने, डोके वर काढतो. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. युरोपीय संघात २००५ पासून त्याच्या वापरावर बंदी आहे. आपल्याकडे ती पूर्णपणे आलेली नाही. म्हणून पॅड घेताना तो ॲस्बेस्टॉसविरहित आहे, हे वेष्टनावर पाहून घ्यावे. ड्रममधली पूड आधी पाण्याने भिजवावी, ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. हवा मुळीच मारू नये.

दुसरी गोष्ट खाडीची. गाडी सरळ खाडीच्या काठाला नेऊन धुवायची, ही सवय अनेक गावांत आहे. त्याच खाडीत आपण तिसऱ्या आणि कालवे काढतो. पॅडमध्ये तांबे असू शकते. पाण्यात विरघळलेल्या तांब्याने सामन माशाची वास घेण्याची शक्ती मंदावते, असे आढळल्यावर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० साली पॅडमधल्या तांब्यावर कायद्याने मर्यादा घातली. युरोपीय संघाने तर २०२४ साली ब्रेकमधून निघणाऱ्या धुळीलाच पहिल्यांदा मर्यादा ठरवून दिली. मासळीवर जगणाऱ्या गावाला यातला मुद्दा समजावून सांगायला नको. गाडी धुवावी ती विहिरीच्या गोड्या पाण्याने, खाडी आणि विहीर या दोन्हींपासून दूर.

धुण्याची रीत साधी आहे. घाटातून आल्या आल्या तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये, त्याने डिस्क वाकडी होण्याची भीती असते. चाक निवले की आधी भरपूर पाणी सोडावे, मग साबणाचा फेस आणि मऊ ब्रश. कोरडे पुसले तर तीच पूड रंगावर ओरखडे काढते. नारळाचे सोडण आणि फरशीचे ॲसिड दोन्ही वर्ज्य. चाकाचे फडके वेगळे ठेवावे, ते काचेला किंवा टपाला लावू नये. बर्फाचे खारट पाणी हौद्यातून चाकांवर ठिबकते, आणि मिठाच्या संगतीत लोखंडाची पूड झपाट्याने गंजून चाकाला चिकटून बसते. म्हणून मासळीच्या गाडीला आठवड्यातून दोनदा तरी हे स्नान हवे. धुतल्यावर गाडी हळू चालवून दोन-चारदा ब्रेक दाबावा, म्हणजे पॅड कोरडे होतात. सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसला तरी घाबरू नये, चार ब्रेकांत तो निघून जातो.

जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि पिकअपही दारात उभी राहते. तेव्हा ती हँडब्रेकवर ठेवू नये, दमट हवेत शू ड्रमला चिकटून बसतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा आणि आठवड्याला चार पावले पुढेमागे करावी.

आज रविवार आहे. दारात गाडी असेल तर चहा झाल्यावर तिच्या चारी चाकांकडे एकदा वाकून पाहा. पुढची दोन्ही सारखीच काळी असतील, तर निर्धास्तपणे बादली उचला. तशी नसतील, तर उद्याच्या घाटाआधी मिस्त्रीला गाठा.